थोरलीची साय

टिपणीससाहेबांनी बाटली उन्हात धरली, तिरपी केली, पुन्हा सरळ केली आणि आत पाल सापडल्यासारखा चेहरा केला.

“कोठुळे, हे काय तरंगतंय?”

“साय,” नाना, म्हणजे माझे वडील, म्हणाले.

“साय दुधावर येते.”

“दुधावर येते ती निराळी. ही शिरक्यावरची. रसाचा शिरका हीच करते.”

“आमच्याकडे याला बुरशी म्हणतात.” साहेबांनी बाटली खाली ठेवली आणि बोटे रुमालाला पुसली. बाटलीचे बूच त्यांनी उघडलेसुद्धा नव्हते.

टिपणीस हे मुंबईच्या एका मोठ्या सॉस कंपनीचे खरेदी अधिकारी. देवळाली कॅम्पातल्या आमच्या पत्र्याच्या शेडपर्यंत त्यांना आणण्यासाठी माझ्या थोरल्या भावाने, काशिनाथदादाने, वर्षभर मुंबईला खेटे घातले होते. मी त्या वेळी तंत्रनिकेतनातून रसायनाची पदविका घेऊन सातपूरच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत, नुकताच लागलो होतो. सुट्टीच्या दिवशी घरी येत असे. ती सुट्टी नेमकी त्या दिवशी आली.

“साहेब, ही बुरशी नाही,” मी म्हणालो. “बुरशी केसाळ असते, रंग धरते. हा जिवाणूंचा थर आहे. हवेतला प्राणवायू घेऊन तो मद्यार्काचं आम्ल करतो. हा काढला तर—”

“हे कोण?”

“धाकटा. शिकतोय अजून,” दादा घाईघाईने म्हणाला.

मी पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालो होतो. पण दादाने माझ्या पायावर पाय ठेवला होता आणि तो बुटातला होता.

साहेबांनी काखेतले वर्तमानपत्र काढून बाटलीमागे धरले. “हे पाहा, यातून मला बातमी वाचता आली पाहिजे. आमचा माल मोठमोठ्या हॉटेलांत जातो. उद्या गिऱ्हाइकाला बाटलीत हा असला लोंबता बेडूक दिसला, तर तोंड मी कुठं दाखवायचं! सगळी पिंपं धुऊन घ्या. स्वच्छता पाहिजे, स्वच्छता.”

“बातमी वाचायची तर पेपर पुरे आहे,” नाना शांतपणे म्हणाले. “शिरका चाखून बघायचा असतो. चमचा देऊ का?”

साहेब हसले आणि मोटारीकडे वळले. दादा त्यांच्या मागोमाग दार उघडायला धावला.

आमच्या शिरक्याच्या, म्हणजे व्हिनेगरच्या, धंद्याचा जन्म सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. नानांचे आग्रा रोडवर मालमोटारींचे पाटे बसवण्याचे दुकान होते. हिमाचलाकडून मुंबईला निघालेल्या सफरचंदांच्या गाड्या तिथे थांबत. खड्ड्यांत आपटून पेट्या फुटलेल्या असत आणि दबलेले फळ ड्रायव्हर दुकानापुढेच टाकून जात. ते वाया जाताना नानांना बघवत नसे. कॅम्पातल्या लष्करी मेसच्या लिलावात त्यांनी एक ओकचे जुने पिंप घेतले होते, पाणी साठवायला म्हणून. पिंपाच्या तळाशी गोऱ्यांच्या काळातला थोडा शिरका उरला होता आणि त्यावर जाड, गुळगुळीत साय. नानांनी ती न फेकता तिच्यावरच सफरचंदाचा रस ओतला. दोन-तीन महिन्यांनी शेजारपाजारचे लोक वास कसला ते विचारत आले. तेच पहिले पिंप; नाना त्याला ‘थोरली’ म्हणत. पुढची सगळी पिंपे थोरलीच्या सायीवर लागली.

नानांनी दोन रिती घालून दिल्या होत्या. शिरका काढताना पिंप कधी तळापर्यंत रिकामे करायचे नाही. आणि साय मागायला कोणी दारात आले तर नाही म्हणायचे नाही, मोबदलाही घ्यायचा नाही. आपल्या घरच्या वाटीत घालून द्यायची. “ही आपली थोडीच आहे?” ते म्हणत. “आपल्याकडे आलेली आहे.” घरातल्या साऱ्या वाट्यांवर ‘ना. वि. कोठुळे’ असे नाव कोरलेले होते. वाटी परत येई आणि आपल्याकडच्या शिरस्त्याप्रमाणे रिकामी येत नसे. कधी वड्या, कधी भाजणी, कधी नुसती मूठभर साखर.

मोटार गेल्यावर दादा परतला तो तापलेलाच.

“नाना, तुम्ही चमचा काय देता त्यांना? ते काय श्राद्धाला आले होते?”

“त्यानं जिभेला लावला नाही, काशिनाथ. ज्याला चव नको त्याला आपला माल कशाला?”

“कारण घरात खाणारी तोंडं आहेत! तुम्ही साय वाटत बसा गावभर. कोणीही उठतो, वाटी मागतो. त्या चर्चमागच्या बाईनं आपल्याच सायीवर शिरका लावलाय, त्यात लोणची घालून सॅनेटोरियममध्ये विकते. माहितेय ना?”

“एस्तेरबाई? माहितेय. छान लोणचं घालते.”

दादाने हात जोडले आणि आत गेला.

पुढच्या आठवड्यात आमच्या बहिणीच्या बाळंतपणासाठी नाना सिन्नरला गेले. सुट्टीच्या दिवशी मी घरी आलो तो फाटकातच थबकलो. शेडमधला तो आंबटगोड वास, ज्यात मी लहानाचा मोठा झालो, तो नव्हता. त्याऐवजी धुण्याच्या सोड्याचा आणि जळक्या गंधकाचा दर्प. अंगणात सगळी पिंपे उन्हात पालथी घातलेली. शेवग्याखालच्या खड्ड्यात सायीचे थर पडले होते, माशा घोंगावत होत्या आणि कोंबड्या त्यात चोची मारत होत्या.

“दादा, हे काय केलंस?”

“स्वच्छता.” तो बाह्या वर करून पिंपांवर उकळते पाणी ओतत होता. मन लावून. लग्नघरातली भांडी घासावीत तसे त्याने प्रत्येक पिंप आतून काथ्याने घासले होते. “बघ, कसं लख्ख झालंय.”

“थोरलीसुद्धा?”

“तिच्यातच सगळ्यात जास्त घाण होती.”

“अरे, आता शिरका होणार कशानं? रस आंबेल, त्याची दारू होईल आणि मग नासेल. बाटल्यांतला माल आपण गरम करून भरतो, त्यातून काही उगवत नाही. एक थेंबभर तरी बाजूला ठेवायचास!”

“तुझी शाळा कारखान्यात घे. इथं शिरका होणार आहे, आणि एका दिवसात होणार आहे.” त्याने शेडच्या कोपऱ्याकडे मान हलवली. ताडपत्रीखाली निळे कॅन ओळीने उभे होते. मी ताडपत्री उचलली. तो वास ओळखायला प्रयोगशाळेची गरज नव्हती. ॲसेटिक ॲसिड.

“पाणी घालायचं, जाळलेल्या साखरेचा रंग द्यायचा,” दादा म्हणाला. “पत्ता खुद्द टिपणीससाहेबांनी दिलाय. निम्मा बाजार असाच चालतो. आरपार बातमी वाचता येते.”

“आणि बाटलीवर सफरचंदाचं चित्र?”

“चित्र कोण पितो?”

आजही ते वाक्य आठवले की माझी मूठ आवळली जाते. मी त्याच पावली एस.टी. पकडून सिन्नरला गेलो आणि नानांना घेऊन आलो.

नाना कोणावर ओरडले नाहीत. त्यांनी थोरली सरळ केली, खांद्यापर्यंत हात आत घातला, तळ चाचपला. हात बाहेर काढून हुंगला. मग बराच वेळ तो हात तसाच अंगापासून दूर धरून उभे राहिले.

“त्रिंबक,” शेवटी ते मला म्हणाले, “आपण साय कोणाकोणाला दिली, आठव.”

आम्ही दोघे घरोघर निघालो. ज्यांना वर्षानुवर्षे दिले त्यांच्याकडे मागायला जायचे. नानांची पावले जड पडत होती. पोस्टमास्तरांच्या घरी बरणी वाळून गेली होती. डॉक्टरीणबाईंना ते काहीतरी नासलेले वाटले म्हणून त्यांनी मोलकरणीकरवी टाकून दिले होते. “अहो, इतकं किळसवाणं दिसत होतं!” असे त्या हसत हसत म्हणाल्या. एकाने लोणच्यात संपवली होती. परत येताना नाना म्हणाले, “एस्तेरबाई उरल्या.”

दादा फाटकात उभा होता. “तिच्याकडे जाऊ नका,” तो म्हणाला.

“का?”

“नको म्हणतो ना.”

“का, ते सांग.”

तो फाटकाची कडी चाळवत राहिला. नाना वळले आणि चालू लागले.

एस्तेरबाई उजगरे शरणपूरच्या ख्रिस्ती वस्तीकडच्या. नवरा सॅनेटोरियममध्ये कंपाउंडर होता, तो गेल्यावर लहान मुलीला घेऊन चर्चमागच्या दोन खोल्यांत राहत आणि लोणच्यांवर घर चालवत. उंबऱ्यावर नानांना पाहताच त्या उठून उभ्या राहिल्या. पण ‘या’ म्हणाल्या नाहीत.

“नानासाहेब? इकडे कुठं वाट चुकलात?”

“चुकलो नाही, बाई. मागायला आलोय. आमच्या घरातली साय गेली. सगळी. तुमच्याकडे जिवंत आहे का?”

“आहे.” त्यांनी पदर खोचला. “तुम्हाला नाही म्हणणार नाही. ते तुम्हीच शिकवलंत. पण आधी एक विचारते. तुमची वाटी मी परत द्यायला आले होते, ते तुम्हाला ठाऊक आहे?”

“वाटी?”

“नाताळाच्या दिवशी. करंज्या घातल्या होत्या त्यात. माझी शिरीन बरोबर होती, नवा फ्रॉक घालून. तुम्ही घरी नव्हतात, काशिनाथराव होते. त्यांनी वाटी घेतली, फाटकाबाहेर गेले आणि करंज्या कुत्र्यापुढं ओतल्या. आमच्यासमोर. वाटीसाठी मी हात पुढं केला, म्हटलं द्या, धुऊन देते. तर म्हणाले, ‘ठेवून घ्या. तुमच्या घरात राहिलेली वाटी आमच्या घरात चालत नाही.’”

नानांनी दाराची चौकट धरली.

“पोरगी विचारत होती, आई, करंज्या बिघडल्या होत्या का गं?” एस्तेरबाईंचा आवाज चढला. “काय सांगू मी तिला? माझ्या घरातली वाटी चालत नाही. आज माझ्या घरातली साय चालते का, नानासाहेब? ते विचारा आधी तुमच्या लेकाला!”

मला वाटले नाना मान खाली घालतील. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. परक्याच्या दारात त्यांना बोडके मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

“बाई, आज घरात काय आहे?”

“आज कुठला नाताळ! भाकरी आहे. ठेचा आहे.”

“मग तेच वाढा. दोघांना.”

त्या बघत राहिल्या. नाना आत जाऊन चुलीजवळ मांडी घालून बसले, मीही बसलो. एस्तेरबाईंनी भाकरी वाढली. शिरीन दाराआडून पाहत होती. नानांनी तिला जवळ बोलावले आणि म्हणाले, “बाळ, करंज्या बिघडल्या नव्हत्या. बिघडलं ते आमचं घर.” ठेचा जहाल होता. नानांच्या डोळ्यांना पाणी आले ते ठेच्याने, असे आम्ही सगळ्यांनी धरून चाललो.

निघताना बाईंनी फळीवरून आमची वाटी काढली. घासून चकचकीत ठेवलेली. “ही?”

“ही इथंच राहू दे. ज्यानं नाकारली त्यानं न्यायची.”

साय त्यांनी आपल्या चिनी मातीच्या बरणीत दिली.

आम्ही शेडवर पोहोचलो तेव्हा टिपणीससाहेबांची मोटार उभी होती. आत साहेब बाटलीमागे वर्तमानपत्र धरून मोठ्याने बातमी वाचून दाखवत होते आणि दादा हसत होता.

“या कोठुळे! आता कसं? हे खरं व्हिनेगर!” साहेब म्हणाले. “चिरंजीवांनी नाव काढलं तुमचं.”

नाना त्यांच्याकडे न पाहता थोरलीजवळ गेले आणि त्यांनी बरणीचे झाकण काढले.

“नाना!” दादा पुढे आला. “त्या घरातली साय या पिंपात पडणार नाही.”

“बरोबर आहे,” नाना म्हणाले. “या शेडमध्ये पडणारच नाही.” त्यांनी झाकण पुन्हा लावले. “काशिनाथ, शेड तुझी. बाकीची पिंपं तुझी. गिऱ्हाईक तुझं, पाटीवरचं नावसुद्धा ठेव तू. थोरली माझी. त्रिंबक, धर.”

“अहो, घरगुती भांडण आहे, आपण नंतर—” टिपणीस चुळबुळले.

“साहेब,” मी म्हणालो, आणि या खेपेला कोणाचा बूट माझ्या पायावर नव्हता, “तुम्ही बातमी वाचा.”

आम्ही थोरली आडवी केली आणि गडगडवत फाटकाबाहेर काढली. कॅम्पाच्या भर बाजारातून ती घेऊन गेलो. एकीकडून मी, दुसरीकडून धोतराचा सोगा खोचलेले नाना, आणि बरणी पोटाशी धरून पुढे पुढे चालणारी शिरीन. ती आमच्यामागून कधी आली ते कळलेच नव्हते. सायकली थांबल्या. न्हाव्याने अर्धी दाढी सोडून बाहेर डोकावले. “काय नाना, बिऱ्हाड हलवलं?” कोणीतरी ओरडले. “नाही, लेक सासरी चालली!” नाना ओरडले. एस्तेरबाईंनी दाखवलेल्या जागी, परसातल्या पेरूखाली, थोरली उभी केली. रस घातला, वर साय सोडली. ती आधी बुडाली. मग काही दिवसांनी कडेने धुक्यासारखा पातळ पापुद्रा दिसू लागला, आणि एका सकाळी एस्तेरबाई म्हणाल्या, “वास आला बघा.”

दादाचा कारखाना मोठा झाला. आमचा परसाएवढाच राहिला. त्याच्या बाटल्यांवर सफरचंदाचे चित्र होते, आमच्यांवर नुसते ‘कोठुळे-उजगरे’. नाना गेले, दादाही गेला. वाटी न्यायला तो कधी आला नाही.

आता त्याचा नातू आला. ऋतुराज. परवा, माझ्या घरी, हातात छापील लेबलांची गुंडाळी घेऊन. मुलगा हसतमुख, बोलण्यात गोड.

“आजोबा, बाजार बदललाय. आता लोकांना गाळलेलं नकोच. तळाशी साय दिसली तरच घेतात, चौपट भावानं. हे बघा.” त्याने लेबल उलगडले. त्यावर थोरलीचे चित्र होते आणि खाली सोनेरी अक्षरे: ‘नानांच्या मूळ पिंपातील जिवंत साय. पहिल्या दिवसापासून अखंड.’

मी ते दोनदा वाचले. ज्याला बुरशी म्हणून कोंबड्यांपुढे टाकले, ते आता सोनेरी अक्षरांत!

“अखंड?” मी म्हणालो. “तुझ्या आजोबांनी ती उकळत्या पाण्यानं मारली. त्यानंतर तुमच्या कारखान्यात एक दिवस साय नव्हती. ॲसिड होतं.”

“हो, म्हणजे, त्या आतल्या गोष्टी झाल्या. लेबलवर एवढं कुठं मावतं? तुम्ही थोडी साय दिलीत की पुन्हा अखंडच ना?”

“साय मागणाऱ्याला आमच्यात नाही म्हणत नाहीत,” मी म्हणालो. “पण ती माझी नाही. चल.”

एस्तेरबाई आता पेरूखाली खुर्ची टाकून बसतात. दिसते कमी, ऐकू चांगले येते. लोणच्यांचे आणि शिरक्याचे सगळे शिरीन पाहते. मी सांगितले, हा काशिनाथचा नातू, साय मागायला आलाय.

“काशिनाथरावांचा?” त्या म्हणाल्या. “शिरीन, फळीवरची वाटी आण गं.”

वाटी आली. ऋतुराजने नाव वाचले आणि त्याचा चेहरा उजळला. “पणजोबांचं नाव! आजोबा, ही तर कारखान्याच्या शोकेसमध्ये पाहिजे. आजी, मी याचं काय हवं ते देतो.”

मी तोंड उघडणार होतो. एस्तेरबाईंनी हात वर केला.

“अरे, वाटी तुमचीच आहे. मी एकदा परत द्यायला आले होते. फक्त आमच्यात रिकामी देत नाहीत.” त्यांनी मान वळवली. “शिरीन, घरात काय आहे?”

“सकाळची भाकरी आहे, आई. ठेचा आहे.”

“घाल.”

शिरीनने भाकरी मोडून वाटीत घातली, वर ठेचा ठेवला. पन्नाशीची बाई ती. पण वाटी घेऊन त्याच्यासमोर आली तेव्हा मला नव्या फ्रॉकमधली पोर दिसली. तिने वाटी पुढे धरली आणि थांबली. पूर्वीसारखीच, उत्तराची वाट बघत.

ऋतुराजने खिशातून मोबाईल काढला. “एक मिनिट हं. आधी एक फोटो—”

“मोबाईल आत ठेव,” मी म्हणालो. माझा आवाज इतका चढेल असे मलाही वाटले नव्हते. “दोन्ही हात पुढे कर. आणि इथं बसून खा.”